विस्कॉन्सिनमध्ये नेमके जिंकले कोण? मतदारसंघांची पुनर्रचना आणि विजयाचे दावे

मेंडोटाकाठ:

नमस्कार. मी नोकरीनिमित्त मॅडिसनमध्ये, म्हणजे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत राहतो. मला येथे मताधिकार नाही, परंतु राज्याच्या विधिमंडळाविषयी कार्यालयात इतके बोलले जाते की विषय टाळता येत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा अर्थ मला अद्याप नीट लागलेला नाही, म्हणून येथे विचारत आहे.

निकाल असा होता. ९९ सदस्यांच्या असेम्ब्लीत, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, रिपब्लिकन पक्षाच्या जागा ६४ वरून ५४ वर आल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या ३५ वरून ४५ झाल्या. ३३ सदस्यांच्या राज्य सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, २२ विरुद्ध ११ असे असलेले बलाबल १८ विरुद्ध १५ झाले. दोन्ही सभागृहांतील बहुमत रिपब्लिकन पक्षाकडेच राहिल्याने मतदारांनी आपल्यावर पुन्हा विश्वास दाखवला, असे एक बाजू म्हणते. आम्ही एका निवडणुकीत दोन्ही सभागृहांत मिळून १४ जागा वाढवल्या, असे दुसरी बाजू म्हणते. त्याच दिवशी अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना या राज्यात सुमारे २९ हजार मतांची आघाडी मिळाली, आणि अमेरिकी सिनेटच्या जागेवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमी बाल्डविन साधारण तेवढ्याच मतांनी निवडून आल्या. म्हणजे राज्य अगदी मधोमध विभागलेले होते आणि ट्रम्प यांना आघाडी असतानाही त्यांच्या पक्षाने असेम्ब्लीत दहा जागा गमावल्या.

माझा सहकारी एका वाक्यात सांगतो की मतदार बदलले नाहीत, नकाशा बदलला. हे कितपत खरे आहे? आणि अशा वेळी एखाद्या पक्षाचा विजयाचा दावा तपासायचा असेल, तर कोणत्या आकड्याकडे पाहावे?

तळटीप:

आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे बव्हंशी बरोबर आहे, परंतु ते समजण्यासाठी सुरुवात २०१० पासून करावी लागते. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. विस्कॉन्सिनमध्ये हे काम विधिमंडळ इतर कोणत्याही कायद्यासारखे विधेयक मंजूर करून करते, आणि राज्यपाल त्यावर सही करतात किंवा ते फेटाळतात. साहजिकच जनगणनेच्या सुमारास दोन्ही सभागृहे आणि राज्यपालपद ज्या पक्षाच्या हाती येते, त्याला पुढील दहा वर्षांच्या लढतींचे मैदान स्वतःच आखता येते. नोव्हेंबर २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाने ही तिन्ही ठिकाणे जिंकली, स्कॉट वॉकर राज्यपाल झाले आणि ऑगस्ट २०११ मध्ये नव्या सीमांच्या कायद्यावर त्यांची सही झाली. हे नकाशे विधानभवनासमोरच्या एका वकिली संस्थेच्या कार्यालयात तयार झाले. रिपब्लिकन आमदारांना तेथे एकेकटे बोलावून आपापल्या मतदारसंघापुरती माहिती दाखवण्यात आली आणि ती बाहेर न फोडण्याच्या करारावर त्यांच्या सह्या घेण्यात आल्या. पुढे न्यायालयात उघड झालेल्या कागदपत्रांत काही मसुद्यांची नावे ‘असर्टिव्ह’ आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ अशी आढळली. नावे ठेवणाऱ्यांनी निदान आडपडदा ठेवला नाही, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

यामागचे तंत्र फार अवघड नाही. प्रत्येकी १०० मतदारांचे पाच मतदारसंघ आहेत आणि एकूण ५०० मतांपैकी क्ष पक्षाला २६०, तर य पक्षाला २४० मते आहेत, असे धरू. क्ष पक्षाचे ९० मतदार एका मतदारसंघात कोंबले आणि उरलेल्या चार ठिकाणी ३५, ४५, ४५ आणि ४५ असे विखुरले, तर क्ष पक्ष एक जागा प्रचंड मताधिक्याने जिंकतो आणि चार जागा हरतो. कमी मते मिळवूनही य पक्षाच्या पदरात पाचपैकी चार जागा पडतात. मतमोजणीत कोणताही गैरप्रकार नसतो, प्रत्येक मत मोजले जाते आणि निकाल पूर्णपणे कायदेशीर असतो. म्हणूनच त्याच्यावर बोट ठेवणे कठीण जाते.

विस्कॉन्सिनमध्ये प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. २०१२ मध्ये ओबामा हे राज्य सुमारे सात टक्क्यांच्या फरकाने जिंकले. त्याच दिवशी असेम्ब्लीसाठी रिपब्लिकन उमेदवारांना मिळून सुमारे ४८.६ टक्के मते पडली आणि जागा मात्र ९९ पैकी ६० मिळाल्या. २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने राज्यभरातून निवडली जाणारी सर्व पदे जिंकली. राज्यपालपदावर टोनी एव्हर्स यांनी वॉकर यांचा सुमारे तीस हजार मतांनी पराभव केला, तरी असेम्ब्लीत रिपब्लिकन पक्षाच्या ६३ जागा आल्या. याच निवडणुकीतील एक आकडा मला सर्वांत बोलका वाटतो: राज्यात पराभूत झालेले वॉकर ९९ पैकी ६३ मतदारसंघांत आघाडीवर होते. एव्हर्स यांची मते थोड्या मतदारसंघांत दाटलेली होती आणि वॉकर यांची मते जिथे उपयोगी पडतील तिथे, तेवढीच पसरलेली होती.

त्याचा परिणाम केवळ खुर्च्यांच्या गणितापुरता राहिला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये, एव्हर्स यांचा शपथविधी होण्यापूर्वीच, मावळत्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन नव्या राज्यपालांचे आणि महाधिवक्त्यांचे काही अधिकार कमी करणारे कायदे मंजूर केले आणि जाता जाता वॉकर यांनी त्यांवर सही केली. २०२२ मध्ये एव्हर्स ३.४ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे नव्वद हजार मतांच्या फरकाने पुन्हा निवडून आले, तेव्हा असेम्ब्लीतील रिपब्लिकन जागा कमी होण्याऐवजी ६१ वरून ६४ झाल्या. दोन-तृतीयांश बहुमतासाठी त्यांना ६६ हव्या होत्या. आणखी दोन जागा मिळाल्या असत्या, तर असेम्ब्लीपुरता राज्यपालांचा नकाराधिकार निरुपयोगी ठरला असता.

न्यायालयांची कथा लांबलचक आहे, ती थोडक्यात सांगतो. २०११ च्या नकाशाविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०१८ मध्ये न्यायालयाने मूळ प्रश्नाला हात न लावता, फिर्यादींचे स्वतःचे नुकसान पुरेसे सिद्ध झालेले नाही, असे सांगून तो परत पाठवला. वर्षभराने, जून २०१९ मध्ये, उत्तर कॅरोलायना आणि मेरीलँड येथील प्रकरणांत पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय आला की पक्षीय हेतूने केलेल्या सीमाआखणीचा निवाडा करणे हे संघराज्याच्या न्यायालयांचे काम नाही. त्यानंतर राज्यांची न्यायालये आणि राज्यघटना एवढाच मार्ग उरला. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही मतदानाने निवडले जातात. एप्रिल २०२३ मध्ये जॅनेट प्रोटासिविझ निवडून आल्या, तेथील बहुमताचा कल बदलला आणि २२ डिसेंबर २०२३ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी तत्कालीन नकाशा रद्द झाला.

आता गंमत अशी की तो रद्द होण्याचे कारण पक्षपात नव्हते. मतदारसंघाचा प्रदेश सलग असावा, असे राज्यघटना सांगते. आणि ९९ पैकी किमान ५० असेम्ब्ली मतदारसंघांत मुख्य भूभागापासून तुटलेली बेटे होती, कारण शहरांनी आसपासचे सुटे तुकडे हद्दीत घेतले की त्यांना मूळ शहराबरोबर जोडण्याची तेथे पद्धत होती. न्यायालयाने ‘सलग’ म्हणजे खरोखर सलग, असा अर्थ लावला. नवा नकाशा निवडताना मात्र त्याचा पक्षीय परिणाम पाहिला जाईल, हेही स्पष्ट केले. न्यायालयाने नेमलेल्या दोन तज्ज्ञांनी विधिमंडळाच्या प्रस्तावाला पक्षपाती ठरवल्यावर, आणखी प्रतिकूल नकाशा न्यायालयाकडून लादला जाण्यापेक्षा राज्यपालांचा बरा, असा हिशेब करून रिपब्लिकन विधिमंडळानेच एव्हर्स यांचा नकाशा मंजूर केला. बहुतेक डेमोक्रॅटिक सदस्यांनी आपल्याच राज्यपालांच्या नकाशाविरुद्ध मत दिले, कारण समोरच्या बाजूचा काहीतरी डाव असणार असा त्यांना संशय होता. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी एव्हर्स यांनी सही केली आणि आपण दिलेला निकाल या नकाशावर लागला.

आता २०२२ आणि २०२४ शेजारी ठेवा. २०२२ मध्ये राज्यभरातील मुख्य लढत रिपब्लिकन पक्ष ३.४ टक्क्यांनी हरला आणि त्याला ६४ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये मुख्य लढत त्याच पक्षाने एका टक्क्याहून कमी फरकाने जिंकली आणि त्याला ५४ जागा मिळाल्या. राज्यातील मते त्या पक्षाकडे सरकली आणि जागा दुसरीकडे गेल्या. उमेदवार, प्रचाराचा पैसा, स्थानिक प्रश्न यांचा वाटा मी नाकारत नाही, पण दोन निकालांमधील एवढे मोठे अंतर नकाशाशिवाय भरून निघत नाही.

कोकणकडा:

तळटीप यांची मांडणी चांगली आहे, परंतु तिच्या दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर चित्र एकांगी राहील.

पहिली गोष्ट २०१८ विषयीची. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाला असेम्ब्लीच्या एकूण मतांपैकी सुमारे ५३ टक्के मते मिळाली आणि जागा फक्त ३६, हे वाक्य जगभर फिरले. (तळटीप यांनी ते टाळले, हे मी पाहिले.) आकडा चुकीचा नाही, पण तो फुगलेला आहे. त्या निवडणुकीत मॅडिसन आणि मिलवॉकी परिसरातील कितीतरी जागांवर रिपब्लिकन पक्षाने उमेदवारच दिला नव्हता, आणि याच्या उलट परिस्थिती असलेल्या जागा पुष्कळ कमी होत्या. जिथे समोर कोणी उभेच नसते तिथली जवळपास सगळी मते एका पक्षाच्या खात्यात जमा होतात आणि दुसऱ्या पक्षाचे शून्य मोजले जाते. राज्यपालपदाच्या लढतीत दोघांमधील फरक जेमतेम एका टक्क्याचा होता, म्हणजे राज्याचा खरा कल ५३ टक्क्यांपेक्षा ५० च्या बराच जवळ होता. नकाशा अन्यायाचा होता हे सांगण्यासाठी ६३ जागांचा आकडा पुरेसा असताना ५३ टक्के पुढे करणे, हाही विजयाचा एक फुगवलेला दावाच आहे.

दुसरी गोष्ट भूगोलाची. मेंडोटाकाठ ज्या डेन काउंटीत राहतात, तिथे डेमोक्रॅटिक पक्षाला चारपैकी सुमारे तीन मते पडतात. मिलवॉकी शहरही त्याच वळणाचे आहे. कितीही निष्पक्ष माणसाने नकाशा आखला, तरी या दोन शहरांतील मते थोड्याच जागांत साठून राहणार, कारण माणसे तिथेच राहतात. २०१६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी २०११ चा नकाशा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा तो निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांनीही भूगोलामुळे रिपब्लिकन पक्षाला थोडा नैसर्गिक लाभ मिळतो, हे मान्य केले होते. दिसणारी तफावत तेवढ्याने स्पष्ट होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून मतांची टक्केवारी आणि जागांची टक्केवारी सारखी आली नाही की लगेच लबाडी झाली, असे म्हणता येत नाही. एकसदस्यीय मतदारसंघांच्या पद्धतीत ती कधीच सारखी येत नाही.

आणि हा एकाच पक्षाचा उद्योगही नाही. शेजारच्या इलिनॉयमध्ये नकाशा डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातात आहे. २०२२ मध्ये तिथले डेमोक्रॅटिक राज्यपाल सुमारे ५५ टक्के मते मिळवून निवडून आले आणि कनिष्ठ सभागृहात त्यांच्या पक्षाला ११८ पैकी ७८ जागा, म्हणजे ६६ टक्के जागा मिळाल्या. विस्कॉन्सिनच्या नकाशावर तावातावाने लिहिणाऱ्या अनेकांना हा आकडा सांगितला की ते विषय बदलतात.

पाणवठा:

भारतातील वाचकांसाठी थोडी भर घालतो. आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या सीमा आमदार ठरवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पुनर्रचना आयोग नेमला जातो, त्यावर निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी असतो, आणि खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात पण त्यांना मत नसते. विस्कॉन्सिनसारखा उघड मामला येथे अवघड आहे. तरीही लोकसंख्येच्या हिशेबाने जागा हलतातच: २००८ च्या पुनर्रचनेत महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा कायम राहिल्या, पण विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या.

विजयाच्या दाव्यांचे उत्तम उदाहरण जम्मू-काश्मीरचे आहे. २०२२ मध्ये तेथील पुनर्रचनेत जम्मू विभागाच्या जागा ३७ वरून ४३ आणि काश्मीरच्या ४६ वरून ४७ झाल्या. २०११ च्या जनगणनेत काश्मीरची लोकसंख्या जम्मूपेक्षा बरीच जास्त असताना सातपैकी सहा जागा जम्मूला का, यावर मोठा वाद झाला. आयोगाने दुर्गमता आणि भौगोलिक रचना यांचा आधार दिला. २०२४ च्या निवडणुकीत नॅशनल कॉन्फरन्सला ४२ आणि भाजपला २९ जागा मिळाल्या, आणि भाजपच्या सर्व जागा जम्मूतील होत्या. मतांच्या टक्केवारीत मात्र भाजप सुमारे २५.६ टक्क्यांसह पहिला आणि नॅशनल कॉन्फरन्स सुमारे २३.४ टक्क्यांसह दुसरा होता. भाजपने सर्वाधिक मते आपल्यालाच मिळाल्याचे सांगितले, नॅशनल कॉन्फरन्सने सरकार स्थापन केले. पण नॅशनल कॉन्फरन्सने काँग्रेसशी आघाडी करून भाजपपेक्षा कमी जागा लढवल्या होत्या, त्यामुळे ही टक्केवारीची तुलना सरळ नाही. कोकणकडा यांनी उमेदवार नसलेल्या जागांबद्दल जे सांगितले, तेच येथे वेगळ्या रूपात दिसते. पुनर्रचनेचा पुरता परिणाम मोजायचा, तर जम्मूच्या वाढलेल्या जागा कोणाकडे गेल्या ते पाहावे लागते. आणि त्या वाढूनही सत्तेचा निकाल बदलला नाही, हेही नोंदवावे लागते.

महाराष्ट्रात खरा खेळ महापालिकांच्या प्रभाग रचनेत चालतो. मुंबईत महाविकास आघाडी सरकारने प्रभाग २२७ वरून २३६ केले, पुढच्या सरकारने २०२२ मध्ये पुन्हा २२७ केले. इतर शहरांत एका प्रभागातून तीन नगरसेवक की चार, हेही सत्तेबरोबर बदलत राहिले. ज्यांना विस्कॉन्सिन परके वाटते, त्यांनी आपल्या प्रभागाची जुनी आणि नवी हद्द शेजारी ठेवून पाहावी.

मेंडोटाकाठ:

सर्वांचे आभार. कोकणकडा यांचा मुद्दा पटला. मीच कार्यालयात ५३ टक्क्यांचा आकडा दोन-तीनदा ऐकवला आहे. आता प्रश्न थोडा नेमका करतो. २०२४ ला कोणाचा विजय म्हणावे? की दोन्ही दावे सारखेच पोकळ आहेत?

तळटीप:

सारखेच पोकळ म्हणणे सोपे आहे, पण मला ते बरोबर वाटत नाही. दोन्ही दावे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत आणि त्यांतील खोट वेगवेगळी आहे.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या ‘१४ जागा वाढल्या’ या दाव्यात तुलनेचा पायाच चुकीचा आहे. असेम्ब्लीतील २०२२ च्या ३५ जागा जुन्या नकाशावरच्या होत्या, त्यामुळे वाढलेल्या दहापैकी कितीतरी जागा निवडणुकीच्या आधीच, फेब्रुवारीत सीमा बदलल्या तेव्हाच, हाताशी आल्या होत्या. मतदारांचे मन वळवून मिळालेल्या जागा मोजायच्या असतील, तर नव्या सीमांवर जुनी मते मांडून जे आकडे येतील त्यांच्याशी तुलना करावी लागते. राज्यपाल किंवा अध्यक्षपदाच्या मतांची केंद्रवार नोंद उपलब्ध असल्याने हे करता येते. उमेदवार नसलेल्या जागांचा प्रश्नही त्यात येत नाही, कारण त्या पदांसाठी प्रत्येक मतदाराच्या मतपत्रिकेवर तीच नावे असतात.

रिपब्लिकन पक्षाच्या ‘पुन्हा कौल मिळाला’ या दाव्यात असेम्ब्लीपुरते तथ्य आहे. राज्य मधोमध विभागलेले असताना ५४ विरुद्ध ४५ हा फरक भूगोल, विद्यमान आमदारांची ओळख आणि त्या दिवशीचा ट्रम्प यांच्याकडचा हलका कल यांतून येऊ शकतो. सिनेटमध्ये मात्र हा दावा टिकत नाही. सिनेटर चार वर्षांसाठी असतात आणि दर दोन वर्षांनी सुमारे निम्म्या जागांवर मतदान होते. २०२४ मध्ये ३३ पैकी १६ जागांसाठीच निवडणूक झाली. उरलेले १७ सदस्य २०२२ मध्ये, रद्द झालेल्या नकाशावर निवडून आले होते. १८ विरुद्ध १५ हे बलाबल अर्धे जुन्या आणि अर्धे नव्या सीमांचे आहे. ज्या बहुमताचा निम्मा भाग मतदारांसमोर गेलाच नाही, त्याला ताजा कौल म्हणता येणार नाही. त्या १६ जागांतच डेमोक्रॅटिक पक्षाने चार जागा खेचल्या आणि दोन-तृतीयांश बहुमत संपले. हा परिणाम कागदी नाही, कारण महाभियोगात दोषी ठरवण्यासाठी सिनेटमध्ये तेवढेच बहुमत लागते, आणि २०२३ मध्ये नव्या न्यायाधीश प्रोटासिविझ यांच्यावर महाभियोगाची उघड चर्चा झाली होती.

मी स्वतः एखादा नकाशा तपासताना निराळा प्रश्न विचारतो: मते एका बाजूला सरकली की सत्ताही सरकते का? मिशिगनमध्ये २०१८ च्या सार्वमताने हे काम १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे गेले. त्यांच्या नकाशावर २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने कनिष्ठ सभागृह ५६ विरुद्ध ५४ आणि सिनेट २० विरुद्ध १८ असे जिंकले. दोन्ही सभागृहे एकत्र त्या पक्षाच्या हाती येण्याची ती सुमारे चार दशकांतील पहिली वेळ होती. दोन वर्षांनी वारे फिरले आणि कनिष्ठ सभागृह ५८ विरुद्ध ५२ असे रिपब्लिकन पक्षाकडे गेले. विस्कॉन्सिनच्या जुन्या नकाशांवर २०१२ ते २०२२ या काळात राज्य दोन्ही बाजूंना झुकले, पण असेम्ब्लीतील रिपब्लिकन संख्या ६० च्या खाली कधीच आली नाही.

नव्या नकाशाची ही परीक्षा एका निवडणुकीत होणार नाही. सिनेटच्या उरलेल्या १७ जागा २०२६ मध्ये प्रथमच नव्या सीमांवर लढवल्या जाणार आहेत, त्याच दिवशी राज्यपालपदाचीही निवडणूक आहे, आणि एव्हर्स तिसऱ्यांदा उभे राहणार नसल्याने तिथे दोन्ही बाजूंना नवे चेहरे असतील. निकाल लागला की आधी राज्यपालपदाची मते मतदारसंघनिहाय मांडा, राज्यातील एकूण फरक आणि मधल्या क्रमांकाच्या (म्हणजे फरकानुसार क्रम लावल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्या) मतदारसंघातील फरक किती जवळ आहेत ते पाहा, आणि पक्षांची पत्रके त्यानंतर वाचा.